तोइनीचं घर आणि एर्कीची सही

तोइनी अमुक्वाया आमच्या मागच्या अंगणातल्या खोलीत राहायला आली तेव्हा तिच्याकडं एक पलंग, एक पेटी आणि एक नवरा होता. पलंग आणि पेटी राहिली. नवरा पुढच्याच हिवाळ्यात, म्हणजे आमच्याकडं जून-जुलैत, मासेमारीच्या एका मोसमासाठी म्हणून दक्षिणेला लुडरिट्झ बंदरात गेला आणि तिकडचाच झाला.

त्याचं नाव एर्की. आजोबांच्या काळात फिनलंडहून आलेल्या पाद्र्यांनी ठेवलेली नावं आम्हा ओवाम्बो लोकांत अजून चालतात. माझंही नाव साइमा, ते तिथलंच. एर्कीनं जाताना सांगितलं होतं की डिसेंबरात येतो. डिसेंबरात कुणाच्या तरी हाती एक लोकरी ब्लँकेट आलं, निरोप नाही आला. तोइनीनं ते ब्लँकेट झटकून पलंगावर घातलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली. एर्कीला मी अंगणात चार शिव्या घातल्या, तिनं एकही घातली नाही.

आमच्या गावात, वाल्व्हिस बेला, मिठाचा कारखाना आहे. तिथं ती पोती शिवायच्या खात्यात होती, पक्क्या नोकरीवर. संध्याकाळी यायची तेव्हा भुवयांवर आणि पापण्यांवर मीठ बसलेलं असायचं आणि ती डोळे अर्धे मिटून चालायची. पुढं पुढं मला वाटायला लागलं की मीठ नसतानाही ती तशीच चालते. बोलता बोलता थांबायची, मान कलती करायची, दुसऱ्या कुठल्या खोलीत कुणी काही बोलतंय आणि ते ऐकायचंय अशी. तिला तर एकच खोली होती, तीही पत्र्याची.

ती मला मेमे साइमा म्हणायची, मी तिला मेमे तोइनी. आमच्याकडं आईच्या वयाच्या बाईला आणि लेकीच्या वयाच्या बाईला एकच शब्द पुरतो.

गावाच्या पूर्वेला, जिथं घरं संपतात आणि वाळूच्या टेकड्या सुरू होतात, तिथं पालिकेनं प्लॉट पाडले. नुसत्या लोखंडी खुंट्या ठोकल्या होत्या, त्यांना नंबर होते. प्लॉट निवडायचा, बँकेकडून गृहकर्ज मंजूर करून आणायचं, मग ठेकेदार घर बांधून देणार. कारखान्यातल्या बायका जाऊन बघून आल्या आणि विसरल्या. तोइनी बघून आली आणि दुसऱ्या शनिवारी पुन्हा गेली. त्याच्या पुढच्या शनिवारी मला म्हणाली, "मेमे, चल की जरा. एकटीला नीट दिसत नाही."

सकाळची वेळ. समुद्रावरून धुकं आलेलं, इतकं दाट की खुंटीजवळ जाईपर्यंत खुंटी दिसेना. कोपऱ्यातला प्लॉट तिनं मनात धरला होता. तिनं चपला काढल्या आणि टाचेनं वाळूत रेघ ओढायला सुरुवात केली. धुक्यात ती दिसेनाशी व्हायची, नुसती टाच घासल्याचा आवाज यायचा, मग दुसऱ्याच बाजूनं उगवायची.

मी तिच्याकडं निघाले तर ती म्हणाली, "मेमे साइमा, भिंतीतून काय चालतेस? दार तिकडं आहे."

मी मागं फिरले, वळसा घालून दारानं आत गेले. आता सांगताना हसू येतं, पण तेव्हा हसले नव्हते. आत गेल्यावर खरंच जरा ऊबदार वाटलं.

"हा स्वयंपाकाचा ओटा," ती म्हणाली. "ही बसायची खोली. खिडकी इथं, म्हणजे धुकं ओसरताना टेकड्या आधी ओट्यापाशी दिसतील. ही झोपायची. ही आणखी एक झोपायची."

"ही कुणाला?"

"बघू," ती म्हणाली आणि पुढं गेली.

तिचे वडील उत्तरेला, गावाकडं, जुनं कुंपणाचं घर मोडून नव्या जागी हलवायचे तेव्हा आधी काठीनं सगळं घर जमिनीवर आखायचे. कुठली झोपडी कुणाची, गुरं कुठं, धान्याच्या कणग्या कुठं. मग पोरांना त्या रेघांमधून फिरायला लावायचे. कुणी अडखळलं की रेघ बदलायचे. हे तिनं मला त्या दिवशी सांगितलं, ओटा कुठं संपतो ते पावलांनी मापता मापता.

दुपारी वारा सुटला की घर पुसलं जायचं. पुढच्या शनिवारी ती नवं काढायची. ते आधीच्यासारखं कधीच नसायचं. प्लॉटवर राखणीला हान्स नावाचे दामारा जमातीचे एक म्हातारे गृहस्थ होते, वडीलधारे म्हणून आम्ही त्यांना ताते म्हणायचो. खुंट्या चोरून नेतात म्हणून त्यांना बसवलं होतं. ते शेकोटीपाशी बसून विचारायचे, "काय मेमे, आज किती मजले?"

"मजला एकच, ताते. न्हाणीघर मोठं केलंय."

"मग मला ठेव भाड्यानं. मी मधेमधे करत नाही."

"धूम्रपान बंद आहे माझ्या घरात."

ताते हान्स पाइप विझवून खिशात ठेवायचे आणि रेघेच्या आत यायचे. आम्ही तिघं त्या बसायच्या खोलीत उभे राहून थर्मासमधला चहा प्यायचो. धुक्यातून फ्लेमिंगोंचा कलकलाट यायचा, पण पक्षी दिसायचे नाहीत. तोइनी फक्त कधी एका भिंतीकडं बघायची, कधी दुसऱ्या.

मग एक दिवस तिनं बँकेत जायचं ठरवलं. कर्जाच्या टेबलावर वेझेरा नावाची हेरेरो जमातीची तरुण मुलगी होती, बोलायला मऊ आणि कामाला चोख. तिनं पहिल्या खेपेला अर्ज हातात दिलाच नाही. म्हणाली, "आत्ता अर्ज केलात तर नाकारला जाईल. आधी तयारी करू. पलंगाचे हप्ते अजून चालू आहेत ना? ते मिटवा. आणि पगार झाल्या झाल्या सगळा काढून घेता, तो जरा खात्यात राहू द्या. बँकेला दिसू दे की पैसे तुमच्याकडं टिकतात."

"ते माझ्याकडं नाही टिकले तर बँकेकडं कसे टिकतील?" तोइनीनं विचारलं.

"टिकवायचे," वेझेरा हसून म्हणाली.

त्यानंतरचे महिने मी जवळून पाहिले. तोइनीनं हप्ते मिटवले. गावाकडचा भाऊ दर महिन्याला फोन करून काही ना काही मागायचा, त्याला तिनं सांगितलं, "दादा, यंदा मी नाही असं समज." तो रुसला, आईकडं तक्रार गेली, आईनं फोन करून विचारलं, "तू कुठं गेलीस की काय?" तोइनी म्हणाली, "अजून नाही, पण जाणार आहे." कारखान्यातल्या बायका जेवणाच्या सुट्टीत तळलेले मासे घ्यायला जायच्या, ही डब्यातली लापशी खायची. त्या म्हणायच्या, "बँकबाई, एक मासा तर खा. बँक काय वास घेऊन बघणार आहे?" ती हसायची. मला वाटतं, तिला ऐकू येत नव्हतं असंही नाही आणि येत होतं असंही नाही. ती ओट्यापाशी उभी असायची.

तिला बजावायचं काम माझ्याकडं होतं. "माझं भाडं बुडवून जाणार आहेस तू," मी म्हणायचे. "या खोलीत आता कुणाला ठेवू? एखादा ढोल वाजवणारा येईल."

"ढोलवाल्याला सांग, रविवारी माझ्याकडं जेवायला ये म्हणून. तेवढा वेळ तुला शांतता."

पगाराच्या स्लिपा जमल्या, कारखान्याकडून नोकरीचा दाखला आला, खात्याचा उतारा वेझेराला पसंत पडला. आम्ही दोघी चांगले कपडे घालून बँकेत गेलो. वेझेरा एकेक कागद लावत होती. मग तिनं सहज विचारलं, "लग्न?"

तोइनी म्हणाली, "झालं होतं."

"झालं होतं म्हणजे? मिस्टर वारले का?"

"नाही. लुडरिट्झला असतात."

"घटस्फोट?"

"नाही. ते नुसते असतात तिकडं."

वेझेरानं पेन खाली ठेवलं. लग्न इथल्याच चर्चमध्ये झालेलं, मालमत्तेचा वेगळा करार केलेला नाही. म्हणजे, ती म्हणाली, कायद्यानं तुमचं आहे ते त्यांचं आणि त्यांचं आहे ते तुमचं. त्यांच्या सहीशिवाय कर्ज नाही. आणि सही केली तर घर दोघांचं.

"त्यांचं ते माझं?" तोइनीनं विचारलं. "त्यांच्याकडं काय आहे?"

"ते त्यांनाच विचारावं लागेल, मेमे. एक तर दोघं मिळून अर्ज करा, नाहीतर रीतसर मोकळ्या व्हा आणि मग या. मी इथंच आहे."

बाहेर आल्यावर मी एर्कीच्या नावानं पुन्हा सुरू केलं. इतकी वर्षं घरात नव्हता, आणि जे घर अजून उभंही नाही त्यात अर्ध्यात येऊन बसला. तोइनी रस्त्याच्या कडेला उभी राहून ऐकत होती. मग म्हणाली, "मेमे, तू पण चल. एकटी गेले तर मी त्याला नुसतीच बघून परत येईन."

लुडरिट्झला जायचं म्हणजे मिनीबसनं दोन दिवस. आधी आत, मग खाली, मग पुन्हा समुद्राकडं. खिडकीबाहेर वाळवंट सरकत राहिलं. तोइनी काचेला डोकं टेकून बसली होती. एकदा म्हणाली, "ती एर्कीची खोली असायची."

"कुठली?"

"ती आणखी एक झोपायची म्हणते ना मी, ती."

 ती पुढं झोपली, किंवा डोळे मिटून राहिली.

लुडरिट्झला सगळा खडकच. बंदराच्या वर चढावर पत्र्यांची वस्ती होती, वाऱ्यानं पत्रे थरथरत होते. विचारत विचारत गेलो. दारात एक बाई पीठ मळत होती, पोटुशी, कपाळावर पिठाचा डाग. तिनं आमच्याकडं पाहिलं, तोइनीकडं जरा जास्त वेळ पाहिलं, आणि हात पुसत म्हणाली, "तुम्ही मेमे तोइनी ना? या. वाऱ्यात उभ्या राहू नका."

तिचं नाव नेलागो. तिनं आम्हाला बसायला डबे दिले, पाणी दिलं, आणि बंदरावर निरोप धाडला. एर्की आला. बारीक झाला होता. उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. तो दारातच थांबला, आणि ज्या माणसाला मी इतकी वर्षं शिव्या दिल्या होत्या तो मला बसायला सांगता सांगता स्वतःच खाली बसला.

"दोर ओढायच्या यंत्रात गेली," बोटांबद्दल म्हणाला. "मला बोटीवरून उतरवलं. म्हटलं, असा परत कसा जाऊ? जरा हाताला काम मिळू दे. काम मिळेपर्यंत वर्ष गेलं. मग कुठल्या तोंडानं जाऊ, असं झालं."

"मी काय तुझ्या बोटांशी लग्न केलं होतं?" तोइनी म्हणाली.

आवाज चढवून नाही म्हणाली. तो मान खाली घालून हाताकडं बघत राहिला. नेलागोनं मध्ये मक्याचा उंडा आणि रश्श्यातला मासा आणून ठेवला, आणि आम्ही चौघं एकाच परातीतून जेवलो. माणसं भुकेली होती. कडवट असं काही तोंडात नव्हतं, मिरची सोडली तर.

जेवण झाल्यावर तोइनीनं घराचं सांगितलं. बँक, सही, सगळं. एर्कीनं सहीबद्दल विचारलं नाही. म्हणाला, "घर कसं आहे?"

आडोशाला थोडी वाळू साचली होती. तोइनीनं डावाच्या दांड्यानं तिथं घर काढलं. एर्की उकिडवा बसून बघत होता. बराच वेळ बघितलं. मग त्यानं उरलेल्या बोटांनी दाराची रेघ पुसली आणि बाजूच्या भिंतीत दार काढलं.

"वाऱ्याच्या तोंडाला दार ठेवलं होतंस," तो म्हणाला. "रोज संध्याकाळी वाळू जेवली असतीस."

तोइनी रागावेल असं मला वाटलं. तिनं मान कलती केली, नव्या दाराकडं बघितलं. "मग ओटा इकडं घ्यावा लागेल," म्हणाली.

"घे की. उजेडही येईल."

मग कुणास ठाऊक काय सुचलं त्याला, हसत म्हणाला, "माझी खोली कुठली यात?"

नेलागो भांडी घासत होती, तिचा हात थांबला. पत्रे वाजत होते.

"होती पुष्कळ वर्षं," तोइनी म्हणाली. "अलीकडं तिथं न्हाणीघर मोठं केलं."

एर्की हसला नाही. म्हणाला, "बरं केलंस." मग नेलागोकडं न बघता म्हणाला, "हिनं तोंडानं कधी मागितलं नाही. पण हिला चर्चमध्ये लग्न करायचंय. मला तुझ्याकडं मोकळीक मागायला धीर होत नव्हता."

"मागायचं होतंस," तोइनी म्हणाली. "मीही हेच मागायला आलेय."

तेव्हा पहिल्यांदा नेलागो रडली, आणि तिला गप्प करायला तोइनीच उठली. मी एर्कीकडं बघितलं. मनात जपून ठेवलेलं पुष्कळ बोलायचं होतं, पण त्या परातीतून जेवल्यावर ते जमेना. म्हणाले, "ब्लँकेट चांगलं निघालं." तो म्हणाला, "चांगलं होतं, मेमे. पहिल्या पगाराचं होतं."

घटस्फोटासाठी सरकारी मदतीचा वकील मिळाला. एर्कीनं हरकत नाही असं लिहून डाव्या हातानं सही केली. डाव्यानं सही करायला तो शिकला होता, लहान मुलासारखी गोल गोल. कोर्टाच्या तारखा पडत गेल्या, हिवाळा आला, वाळवंटाकडून गरम वारे आले आणि गेले. निकाल हातात आला त्या दिवशी तोइनीनं कुणाला काही सांगितलं नाही. भात शिजवला, मला वाटी आणून दिली, आणि परत जाताना म्हणाली, "आता मी एकटीच आहे, मेमे. कागदावर सुद्धा." हे आनंदानं म्हणाली की दुःखानं, मला कळलं नाही. तिलाही कळलं नसावं.

तेवढ्यात कोपऱ्यातला प्लॉट गेला. वेझेरानं फोन करून सांगितलं. कुणी शिक्षक जोडप्यानं आधी कर्ज मंजूर करून आणलं होतं. दुसऱ्या रांगेत एक आहे, लहान आहे, म्हणाली, तो धरून ठेवू का?

तोइनीनं हो म्हटलं आणि शनिवारी तरी कोपऱ्यावर गेली. मीही मागोमाग गेले. धुकं होतंच. तिथं पाया खणला होता, सरळ, दोरी लावून. ती त्या चरांच्या कडेकडेनं चालत गेली. मला वाटलं, आता बसेल आणि रडेल.

"त्यांनी दार वाऱ्याकडं ठेवलंय," ती म्हणाली.

"सांगायचं का त्यांना?"

"ठेकेदाराला सांगू या." आणि ती खरंच धुक्यातून ठेकेदाराला शोधत गेली. त्यानं ऐकलं की नाही कुणास ठाऊक.

नव्या प्लॉटवर तिनं एकदाच रेघा काढल्या. घर लहान निघालं. बँकेनं मागितलं त्यापेक्षा कमी दिलं होतं, म्हणून दुसरी झोपायची खोली परत घेता आली नाही आणि न्हाणीघर सुद्धा इतरांसारखंच झालं. अर्ज भरताना वेझेरानं विमा समजावून सांगितला. "तुम्हाला काही झालं तर कर्ज विमा फेडेल," ती म्हणाली. तोइनीनं विचारलं, "आणि मग घरात कोण राहील?" वेझेरा म्हणाली, "ते तुम्ही ठरवायचं, मेमे. नाव लिहा." तोइनीनं पुष्कळ विचार करून रुसलेल्या भावाच्या धाकट्या मुलीचं नाव लिहिलं. भाऊ त्यानंतर बोलायला लागला.

मंजुरी आली ती कामाच्या वेळी, फोनवर. कारखान्यातल्या बायकांनी मला नंतर सांगितलं. तिनं फोन ठेवला, पोत्याची शिवण पूर्ण केली, धागा तोडला, आणि मग तिथंच पोत्यांवर आडवी होऊन झोपून गेली. सुपरवायझरनं उठवायला नको म्हणून सांगितलं.

भिंती उभ्या राहायला वर्ष लागलं. एर्कीनं सांगितलेल्या बाजूलाच दार आहे. ओट्यासमोरच्या खिडकीतून टेकड्या दिसत नाहीत, शेजाऱ्याची भिंत दिसते. पण भिंतीच्या वर बोटभर आकाश आहे आणि सकाळी त्यातून धुकं खाली ओघळतं, ते ती भांडी विसळत बघते.

माझ्या मागच्या खोलीत ढोलवाला आला नाही, शिवणकाम करणारी एक मुलगी आली. यंत्राचा आवाज येतो, पण ते चालतं.

पहिल्या रविवारी मी तोइनीकडं जेवायला गेले. आमच्या अंगणात खोलीला पडदा होता, कुणी यायचं झालं तर पडदा सारून आत यायचं. इथं मी दार वाजवलं.

"आत ये," आतून आवाज आला.

मी थांबले. पुन्हा वाजवलं.

"ये ना, मेमे."

"कशी येऊ?" मी म्हणाले. "कडी आतून आहे."

 मग तिची पावलं आली, सावकाश, कुठल्या खोलीतून निघालीत तेही कळत होतं, आणि तिनं दार उघडलं.